सावित्री व्हिडिओचं गाऱ्हाणं

माझ्या पार्लरमध्ये भुवया करायला येणारी बाई चाळिशीच्या पुढची असली, की खुर्चीत मान मागे टाकून ती हमखास विचारते, "दर्शना, इथं पूर्वी सावित्री व्हिडिओ होतं ना? काय दिवस होते गो ते!" मग डोळे मिटून ती सुरू होते. शनिवारी वडील कॅसेट भाड्याने आणायचे, अख्खी आळी आमच्याकडे जमायची, ऐन मारामारीत लाइट जायची. मी हूं हूं करत दोरा ओढत असते. मध्येच तो जरा जोरात ओढला जातो, आणि ते मी मुद्दाम करते. इतक्या वर्षांत यांच्यातल्या एकीनेही मला विचारलेलं नाही, की ते दुकान चालवणारा माणूस आता कुठे असतो.

तो माझा मामा, धोंडूमामा. पार्लरच्या मागच्या खोलीत असतो. मध्ये फक्त एक पडदा आहे, त्यामुळे या बायकांचे उमाळे त्याला सगळे ऐकू जातात. बाई गेली की तो आतून म्हणतो, "गेली काय ती रडवी?" आणि मी म्हणते, "गेली." मग आम्ही चहा पितो.

मामा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. बुरोंडीचा त्याचा एक दोस्त बोटीवर होता, त्याने बाहेरून व्हीसीआर आणून दिला आणि मामाने रेडिओची दुकानदारी गुंडाळून व्हिडिओ लायब्ररी काढली. दुकानाला नाव दिलं बायकोचं. तेव्हा लोक दुकानाला देवाचं नाव द्यायचे, नाहीतर मुलाचं. मामाला मूल नव्हतं आणि बायको मात्र मनापासून आवडायची. लोक यावरूनही त्याला चिडवायचे.

धंदा दिसायला मजेचा, करायला किचकट. आपल्या रत्नागिरीच्या दमट हवेत कॅसेटच्या फितीवर पांढरी बुरशी धरते. म्हणून मामाने कॅसेटच्या कपाटात उबेसाठी पिवळा बल्ब लावून ठेवलेला असायचा. पावसाळाभर तो विझायचा नाही. बुरशीची फीत लागली की मशीनचं हेड खराब होतं आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या दिसतात. मग मामा मशीन उघडून स्पिरिटच्या बोळ्याने हेड पुसत बसायचा. गिऱ्हाईकंही एकेक नग. चांगली प्रिंट घरी ठेवायची आणि त्याच खोक्यात स्वतःकडची रद्दी कॅसेट घालून परत करायची, हे तर भले भले करायचे. त्यावर मामीने उपाय काढला. आपल्या लाल नेलपॉलिशचे दोन ठिपके ती प्रत्येक कॅसेटच्या कडेला द्यायची, शेजारी शेजारी. परत आलेली कॅसेट खोक्यातून काढायची, ठिपके बघायचे आणि मग कपाटात. मामीला नटण्याची हौस होती आणि तिच्या नेलपॉलिशच्या बाटल्या कॅसेटवरच संपायच्या.

आणि एक सांगून ठेवते, कारण पुढे त्याचीच गोष्ट आहे. 'तसल्या' कॅसेट गावातल्या काही दुकानांत गल्ल्याखाली मिळायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. मामाकडे त्या नव्हत्या. तो काही साधुसंत होता म्हणून नव्हे. गल्ल्यावर मामी बसायची म्हणून.

माझी आई सखू ही मामाची धाकटी बहीण. तिला पालीच्या पलीकडे आमच्या वाडीत दिलेली. त्यामुळे मामा अख्ख्या वाडीचाच मामा. गणपतीत मुंबईकर घरी आले, की वाडीला व्हिडिओ हवा असायचा, आणि मामा दरवर्षी स्वतः टीव्ही आणि व्हीसीआर गोधडीत गुंडाळून रिक्षाने घेऊन यायचा. बहिणीची वाडी म्हणून तो पौराणिक सिनेमाचं भाडंसुद्धा घ्यायचा नाही. व्हिडिओ लागायचा तो सखाराम आप्पांच्या ओटीवर. आप्पा म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी, माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराचा.

ज्या वर्षी ते घडलं तेव्हा मी दुसरीत होते. गौरीपूजनाचा दिवस. नव्या सुनांचे ओवसे झाले होते, सुपं गौरीला ओवाळून झाली होती, जेवणं आटपली होती, आणि दुपारी बायकांसाठी खास पौराणिक सिनेमा लागणार होता. माहेरवाशिणी, सुना, म्हाताऱ्या, पोरंटोरं, सगळी ओटीवर दाटीवाटीने बसलेली. समोर एका बाजूला टीव्ही आणि दुसऱ्या बाजूला मखरात गणपती. मामा तेवढा जेवायचा राहिला होता. आप्पांचा थोरला मुलगा बाबल्या तेव्हा मुंबईला नोकरीला लागलेला, अंगात टेरिकॉटचा शर्ट आणि तोंडात पानमसाला. तो मामाला म्हणाला, "मामा, तुमी जेवून घ्या. कॅसेट मी लावतंय." मामा मागच्या पडवीत पानावर बसला.

टीव्ही सुरू झाला आणि सिनेमा दिसायच्या ऐवजी ते दिसलं. काय दिसलं ते मी सांगणार नाही. मला ते नीट कळलंही नाही, कारण आईने माझ्या डोळ्यांवर हात दाबला. तिच्या हाताला हळदीच्या पानांचा वास होता. पण आवाज कानावर येत होताच. बायका किंचाळल्या. कुणी देवासमोर पदर धरला. मशीन बंद कसं करायचं ते बायकांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि ज्याने लावलं तो बाबल्या केव्हाच मागे सटकला होता. मामा पडवीतून उष्ट्या हाताने धावत आला आणि त्याने वायरच उपटली.

मग त्याने कॅसेट बाहेर काढली, कड फिरवून बघितली आणि ओरडला, "ही माजी नाय! ठिपके बगा, ठिपके नायत हिच्यावर!"

कोण बघतोय ठिपके? आप्पांनी ती त्याच्या हातातून हिसकावली, तिची फीत कोंबडीची आतडी काढावीत तशी ओढून काढली आणि सगळं न्हाणीच्या चुलीत घातलं. खरी कॅसेट कुठे गेली, असं मामा पुन्हा पुन्हा विचारत होता. खोकं त्याचं होतं, मशीन त्याचं होतं, व्हिडिओवाला तो होता. चोर कधी चोरी कबूल करतो काय, असं कुणीतरी म्हणालं. बाबल्या सगळ्यांच्या मागे खांबाला टेकून उभा होता.

मामाच्या जागी दुसरा कुणी असता तर सामान उचलून निघून गेला असता. मामा गेला नाही. त्याने हात धुतले, मखरासमोर येऊन उभा राहिला आणि आप्पांना म्हणाला, "घाला गाऱ्हाणं. ज्यानं ह्या केलान, त्याचा न्याव देव करूंदे. माज्यादेखत घाला."

कोकणाबाहेरच्या माणसाला हे कळायचं नाही. आमच्याकडे भांडण पोलिसात जाण्याआधी देवाकडे जातं. मानकरी नारळ हातात घेऊन देवाला सगळं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्यावर जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणतात. एकदा सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हटलं, की ते देवाच्या दरबारी नोंद झालं. मामाला वाटलं, आपण निर्दोष आहोत, मग भ्यायचं कशाला? खरा माणूस उघडा पडेल. इतका भोळा माणूस धंद्यात पडलाच कसा, असं मला कधी कधी वाटतं.

आप्पांनी नारळ घेतला. "बा गणराया, म्हाराजा! ज्या कुनी ही घान आज तुज्या समोर आणलान, जानून आणलान नायतर अजानता, त्याचा धंदा बसूंदे. त्याच्या घरात दिवा लावायला मानूस उरू नको दे." सगळी वाडी म्हणाली, "व्हय म्हाराजा!" मामाचा आवाज त्यात सगळ्यांच्या वर होता. मागे खांबाजवळून बाबल्याही म्हणाला असणार. 'धंदा' हा शब्द आप्पांनी कुणाकडे बघून घातला, ते मला मोठी झाल्यावर कळलं. त्या ओटीवर धंदा करणारा माणूस एकच होता.

पुढे काय झालं ते सगळ्या रत्नागिरीला माहीत आहे. केबल आली. घरोघरी फुकट सिनेमे दिसायला लागले. बाजारपेठेतल्या, एसटी स्टँडजवळच्या, सगळ्या व्हिडिओ लायब्ऱ्या एकामागून एक बंद पडल्या. कुणी त्या जागी बेकरी काढली, कुणी झेरॉक्स घातलं. त्या दुकानांबद्दल लोक म्हणाले, केबलने मारली बिचाऱ्यांना. सावित्री व्हिडिओ बंद पडलं तेव्हा आमची वाडी म्हणाली, गाऱ्हाणं लागलं.

मामाने सीडी ठेवून बघितल्या, मोबाइलची रिचार्ज कूपनं विकून बघितली. काही जमलं नाही. शेवटी तो दुसऱ्याच्या दुकानात पंख्यांच्या जळलेल्या मोटरींत तार भरायला जायला लागला. मूल तर नव्हतंच. आधीही नव्हतं, पण आता त्याचा हिशेब देवाकडे लागला. मग मामी आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं, मुंबईच्या इस्पितळापर्यंत नेलं. शेवटच्या दिवसांत मी तिच्याजवळ होते. एका सकाळी मी तिचे केस विंचरत होते आणि मामा तिच्यासाठी पेज घेऊन आला. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "एक विचारू? खरं सांगा हां. ती आपली नव्हती ना?"

स्वतःच्या हाताने प्रत्येक कॅसेटवर ठिपके देणारी बाई ती! तिनेसुद्धा शेवटी विचारलं. मामाने पेजेची वाटी खाली ठेवली आणि म्हणाला, "नव्हती गो." त्यावर तिने मान हलवली. पटलं म्हणून हलवली की नवऱ्याचं मन राखायला, ते मला कळलं नाही, आणि मामालाही कळलं नाही. हेच त्याला आतून कुरतडत राहिलं. दुकान गेल्याचं दुःख त्याने पचवलं होतं. हे त्याला पचलं नाही.

वाडीचं म्हणाल, तर त्या दुपारीच त्याने शपथ घेतली होती. माझ्यावरचा आळ निघेपर्यंत या वाडीचं पाणी पिणार नाही आणि वाडीत पाऊल टाकणार नाही. कोकणी माणसाच्या शपथेला औषध नाही. माझी आई वारली तेव्हा तो पालीहून चालत फाट्यापर्यंत आला. मी एका पोराकरवी निरोप पाठवला, मामा, आता तरी ये. तो एसटीच्या शेडमध्येच उभा राहिला. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावरून चितेचा धूर वर आलेला दिसला तेव्हा त्याने तिथूनच हात जोडले आणि मिळाली त्या एसटीने परत गेला. आईचं शेवटचं तोंडही त्याला बघायला मिळालं नाही. वाडीतलं एकही मोठं माणूस त्याला बोलवायला फाट्यावर गेलं नाही, आणि ते मी अजून विसरलेले नाही.

त्यानंतर मी त्याला माझ्याजवळ आणलं. गाळा त्याचाच, पार्लर माझं. जुन्या कपाटात आता क्रीमच्या डब्या असतात. पिवळ्या बल्बचं होल्डर तसंच आहे.

या वर्षी श्रावणात पार्लरच्या दारात एक मोठी पांढरी गाडी थांबली आणि बाबल्या उतरला. आता त्याला बाबल्या कोण म्हणणार? बाबलशेठ. ठाण्याला त्याचा कॅटरिंगचा मोठा धंदा आहे, दोन मुलं, नातवंडं, वाडीच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष. देवळाचा सभामंडप त्यानेच बांधून दिला. आप्पा गेल्यापासून गाऱ्हाणं घालायचा मानही त्याचाच. आप्पांचं गाऱ्हाणं ऐकून देवाने कुणाचा धंदा बसवला आणि कुणाचा चालवला, ते त्या गाडीकडे बघून मला दिसत होतं.

"दर्शना, मामा हायत काय?" असं म्हणत तो सरळ पडदा सारून आत गेला. मी हातातलं काम टाकून मागोमाग गेले.

तो मामाच्या पाया पडला. म्हणाला, मंडळाचं पन्नासावं वर्ष आहे. गौरीच्या दिवशी वाडीत जुन्या आठवणींचा कार्यक्रम ठेवलाय. पोरांना दाखवायचंय, आम्ही व्हिडिओ कसा बघायचो. "मामा, तुमचा व्हीसीआर पायजे. आनि मशीन चालवायला तुमीच पायजेत. मी गाडी पाठवतंय."

मामाने माळ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "येतंय. पन त्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचंस, ती कॅसेट माजी नव्हती. मग कोनाची व्हती ता सांगायचंस काय नाय, ता तू बग."

मला वाटलं, बाबलशेठचा चेहरा पडेल. तो हसला. "येवढंच ना? सांगतंय की मामा! त्यात काय हाय?"

मला तिथेच शंका यायला हवी होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट माणूस इतक्या सहज सांगायला तयार होतो काय? पण मामाचा चेहरा बघून मी शंका बाजूला ठेवली. तो माणूस त्या दिवसापासून बदलला. माळ्यावरचा व्हीसीआर खाली काढला. मशीन उघडून रबरी पट्टा बदलायला हवा म्हणाला, तर तो कुठे मिळेना. शेवटी एका जुन्या टेपरेकॉर्डरचा काढून त्याने बसवला. माझ्याकडून कापूस मागून घेतला आणि हेड पुसत बसला. पडद्याआडून त्याची शीळ ऐकू यायची. एका बाईने विचारलंसुद्धा, "कोण गो आत?" मी म्हटलं, "दुकानाचे मालक."

गौरीच्या दिवशी त्याने माझ्याकडूनच दाढी करून घेतली. गाडीत व्हीसीआर त्याने मांडीवर धरला होता, डिकीत ठेवायला दिला नाही. फाटा आला तेव्हा म्हणाला, "दर्शना, आज सखूच्या विहिरीचं पानी पितंय." मी खिडकीबाहेर बघायला लागले, कारण मला रडू आवरेना.

वाडीत मंडप घातलेला, ध्वनिक्षेपक लावलेला. आप्पांच्या ओटीवर आता टाइल्स आहेत, गणपती मात्र त्याच जागी. लोकांनी मामाला हाताला धरून पुढे खुर्चीवर बसवलं. म्हाताऱ्या बायका येऊन विचारपूस करून गेल्या. मी मामाच्या मागे बसले, माझ्या शेजारी बाबलशेठची धाकटी मुलगी आरोही. दुपारची तीच वेळ होती.

बाबलशेठने माइक घेतला. "आज मी तुमाला एका कॅसेटची गोष्ट सांगतंय," असं म्हणाला, आणि त्याने अजून काही सांगायच्या आत पुढच्या रांगेतली मुंबईची माणसं हसायला लागली.

मला कळेना, ही हसतायत कशाला?

तो सांगत गेला. नवी नवी मुंबई, रूमवरच्या दोस्ताने दिलेली 'तसली' कॅसेट. मामा जेवायला बसला तेव्हा आत माजघरात जाऊन कपाटामागे लपवायला निघालो, तेवढ्यात आई आली. हातात मामाचं खोकं होतंच, घाईघाईत 'तसली' त्यात कोंबली आणि त्यातली देवाची कॅसेट शर्टात घातली. मग लावायला गेलो तर लक्षातच नाही, कुठली कुठे आहे! लोक खो खो हसत होते. त्याने आप्पांच्या आवाजाची नक्कल केली. बायका कशा किंचाळल्या त्याची केली. पुढे काय येणार ते लोकांना आधीच ठाऊक होतं. "आनि मामा पडवीतून..." असं तो म्हणाला, तर मागून दोघं-तिघं ओरडले, "उष्ट्या हातानं!"

मी आरोहीला विचारलं, "तुला ही गोष्ट माहीत होती?"

"कुणाला माहीत नाही आत्या?" ती म्हणाली. "बाबा दर वर्षी मंडळाच्या पिकनिकला सांगतात. आम्ही लहान होतो तेव्हापासून. सगळ्यांची फेव्हरेट आहे."

लहान होतो तेव्हापासून! मी मनात वर्षं मोजली. मामी तेव्हा जिवंत होती. माझी आई जिवंत होती. मामा फाट्यावरच्या शेडमध्ये उभा होता, तेव्हा त्याच्यावर आळ नव्हताच. तो कधीच निघाला होता. अख्ख्या वाडीला खरं काय ते ठाऊक होतं, मुंबईला ठाऊक होतं, शाळकरी पोरांना ठाऊक होतं. रत्नागिरीला येऊन ते एका माणसाला सांगावं, एवढंच कुणाला सुचलं नव्हतं. कुणी मुद्दाम लपवलं असतं तर मी समजू शकले असते. यांना तो आळ राहिलाय याची आठवणच नव्हती.

"आनि आता शेवटचं," बाबलशेठ म्हणाला, "ही बगा ती खरी कॅसेट! माळ्यावर मी जपून ठेवलीय. त्या दिवशी राह्यलेला सिनेमा आज पुरा करूया. काय मामा?" त्याने पिशवीतून कॅसेट काढून उंच धरली. टाळ्या पडल्या. मग त्याने ती मामाच्या हातात दिली.

मामाने कड फिरवून बघितली. दोन लाल ठिपके, शेजारी शेजारी. त्याने अंगठ्याने ते चाचपले. कुणीतरी मुलगी सरबताचा पेला घेऊन आली, तो त्याने घेतला आणि तसाच खाली टाइलवर ठेवला. मग तो उठला, मशीनकडे गेला नाही, मखराकडे गेला. तिथला नारळ उचलला. एका हातात नारळ, एका हातात कॅसेट.

"मामा गाऱ्हाणं घालतायत!" कुणीतरी कौतुकाने म्हणालं. लोक उठून उभे राहिले. बाबलशेठने माइक त्याच्या तोंडासमोर धरला.

"बा गणराया, म्हाराजा," मामा म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी म्हणाली. काही जण अजून हसत होते.

"सालाबादपरमानं तुजी लेकरा तुज्या पायाशी जमली हायत."

"व्हय म्हाराजा!"

"मागं ह्याच जाग्यावर मी तुज्याकडं न्याव मागितला व्हता."

"व्हय म्हाराजा." आवाज उतरला. बाबलशेठने माइक खाली घेतला, पण आता माइकची गरज नव्हती.

"ज्यानं केलान त्याचा धंदा बसूंदे, त्याच्या घरात दिवा लावायला मानूस उरू नको दे, आसा सगळ्यांनी तुला सांगितला व्हता."

एक-दोन म्हाताऱ्यांनी सवयीने 'व्हय' म्हटलं आणि ते अर्ध्यावरच गिळलं.

"तू ता आयकलंस. पन दार चुकलंस."

मंडपाचं कापड हलत होतं तेवढंच.

"माजी सावित्री मरताना मला इचारून गेली, ती आपली नव्हती ना? तिला आता तूच सांग. ह्यांना सांगायला सवड झाली नाय."

"मामा, सणाचा दिवस हाय," बाबलशेठ पुढे होत म्हणाला. "झाला गेला, सोडा ना. पोरवय व्हता माजा."

मामाने त्याच्याकडे बघितलंही नाही. "ह्यांचा वायट करू नको. ह्यांचे धंदे चालूंदे, ह्यांच्या घरात दिवे लागूंदेत. माजा येवढाच मागना हाय. ही गोष्ट ह्यांनी पुन्यांदा सांगितली, तर कोनाला हसू येऊ नको दे."

तो थांबला. गाऱ्हाण्यात थांबलं, की लोकांनी म्हणायचं असतं. नाही म्हटलं, तर ते देवापर्यंत पोचत नाही. मामा नारळ धरून उभा होता आणि वाट बघत होता. बाबलशेठ टाइलकडे बघत होता. आरोही मोबाइलशी चाळा करत होती. मघाशी उष्ट्या हातावर ओरडणारे मागे सरकले होते.

मग मी पुढे झाले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

माझ्यामागून कुणीच म्हटलं नाही.